आकडा

अश्विनी, माझी पुतणी, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. महिन्यापूर्वी एका रविवारी ती चार पानी छापील फॉर्म घेऊन घरी आली. वर मथळा होता, 'विचलित वर्तन : व्यक्ती अभ्यास'. मी म्हटलं, विचलित म्हणजे मन थाऱ्यावर नसलेला का? "नाही हो काका. समाजानं आखलेल्या वाटेवरनं ढळलेला." आमच्या बेळगावच्या वडगावात याला सोपा शब्द आहे, वाया गेलेला. फॉर्मवर तो चालत नसावा.

अभ्यासासाठी तिनं निवडलेला माणूस म्हणजे तिचा बाप, माझा धाकटा भाऊ. इथं मी त्याला बाळू म्हणतो. तो स्वतः म्हणाला, "खरं नाव घाल की, कुणाला ठाऊक नाही?" पण पोरीच्या लग्नाचं बघायचं आहे, तेव्हा बाळूच बरं. ती आधी त्याच्याकडंच गेली होती. त्यानं चहाच्या गाडीवरनं मान वर न करता सांगितलं, "काकाला विचार. त्याला माझं सगळं पाठ आहे."

पाठ आहे हे खरं. पण फॉर्म बघून माझं डोकं फिरलं. 'कौटुंबिक पार्श्वभूमी', तीन ओळी. 'सभोवतालची परिस्थिती', तीन ओळी. 'पहिला गुन्हा (वर्ष)', एक चौकोन. उद्यमबागेतल्या कारखान्यात उभा जन्म लेथवर गेला माझा, लिहिण्याचा सराव नाही. तरी बसलो, कारण एवढं त्या ओळींत मावत नाही.

आमचं घर म्हणजे दोन पॉवरलूम आणि त्यांच्याभोवती उरलेली जागा. पुढच्या खोलीत माग, मधल्या खोलीत आई कांड्या भरायची, मागं चूल. अण्णा शेठकडनं बीम आणि बाण्याचं सूत आणायचे आणि साडीवर मजुरी घ्यायचे. (त्या सुताचं वजन दर वेळी थोडं कमी भरायचं. शेठ देवळाचे विश्वस्त होते. त्यांच्यावर कुणी फॉर्म भरल्याचं ऐकलं नाही.) माग सुरू असला की घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून आमच्या घरात कुणी फारसं बोलतच नसे. जेवायला बोलवायचं तर आई दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची. लाईट गेली तर माग थांबायचा, आणि परत आली की गेलेला वेळ भरून काढायला अण्णा मध्यरात्रीपर्यंत चालवायचे. संध्याकाळी पाचला 'जावा बाहेर' हे गल्लीतल्या प्रत्येक आईचं वाक्य होतं. रात्री झोपायलाही आम्ही देवळाच्या कट्ट्यावर. घरात जागा मागाला होती, पोरांना नव्हती.

मग सगळं यावर येऊन ठेपतं की बाहेर पडलेल्या पोराला बाहेर काय भेटतं.

मला तालीम भेटली. १९७७ साली, अकरा वर्षांचा असताना. तालीम म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. कौलारू खोली, लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुती, कोपऱ्यात तेलानं काळे पडलेले करेले, म्हणजे फिरवायचे लाकडी मुदगल. वस्ताद एका डोळ्यानं अधू होते, पण त्या एका डोळ्यानं त्यांना सगळं दिसायचं. त्यांचा नियम असा की तालमीचा पोरगा दिवे लागल्यानंतर पानपट्टीपाशी दिसला तर दुसऱ्या दिवशी शंभर जादा बैठका. कारण विचारायचं नाही. मी काही मोठा पैलवान झालो नाही. जत्रेत नारळावरची कुस्ती लढण्यापलीकडं माझी मजल गेली नाही. पण पाच ते आठ या वेळात मी कुठं आहे हे गावातल्या एका माणसाला रोज माहीत असायचं.

१९८२ च्या पावसात तालमीची मागची भिंत पडली. वस्तादांचे गुडघे त्याआधीच गेले होते. गल्लीनं पट्टी काढायची ठरवली, दोन बैठका झाल्या, जमलं नाही. वर्ष-दीड वर्षानं हौद्यातली माती काढून फरशी घातली, मंडळाचं ऑफिस झालं, कॅरम आला. ऑफिसला लागून पानपट्टी आणि पानपट्टीच्या बाकड्यावर मटक्याची चिठ्ठी लिहिणारा. भिंत पडली तेव्हा मी सोळाचा होतो, माझी सवय पक्की झालेली. बाळू तेराचा होता.

हे मी अश्विनीला सांगितलं तेव्हा ती उठून बसली. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी असंच काही मांडलं आहे म्हणाली. त्यांनी बालगुन्हेगारांच्या कोर्टातल्या नोंदी काढल्या, १९०० पासून पुढची तीसेक वर्षं, आणि प्रत्येक पोराचं घर शहराच्या नकाशावर ठिपक्यानं दाखवलं. कारखान्यांना लागून असलेल्या पडक्या वस्त्यांत ठिपके दाट. त्या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश राहायचे, पुढं ते चांगल्या भागात गेले, त्यांच्या जागी इटालियन आणि पोलिश आले. माणसं बदलली, ठिपके तिथंच राहिले. आणि जे लोक तिथनं उठून गेले त्यांची पोरं नव्या जागी सुधारली. म्हणजे दोष रक्तात असता तर तो बिऱ्हाडाबरोबर हलला असता.

मला हे फार पटलं. कारण आमच्या आत्यानं बाळूचा निकाल कधीच लावून टाकला होता, "मामावर गेलाय." मराठी घरात कुणी बिघडला की रक्त नेहमी मामाकडचंच असतं. इटलीत लोंब्रोझो नावाचा डॉक्टर होऊन गेला, तो जबडा आणि कपाळ बघून जन्मजात गुन्हेगार ओळखायचा म्हणे. आत्याची आणि त्याची गाठ पडायला हवी होती.

शॉनं नुसता नकाशा काढला नाही. १९३० च्या दशकात त्यानं त्याच वस्त्यांत तिथल्याच माणसांना हाताशी धरून पोरांसाठी क्लब आणि खेळ सुरू केले. मी म्हटलं, वस्तादच की. ती हसली. पण मी हसण्यावारी बोललो नव्हतो.

आता मटका. बाहेरच्या लोकांना वाटतं जुगार म्हणजे व्यसन. पोराला तो आधी शहाणपण वाटतो. पत्त्यांची तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. तीन, चार आणि नऊ आले तर सोळा, म्हणजे छक्का. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज, दोन्ही मिळून जोडी. सिंगलला, म्हणजे नुसत्या एका अंकाला, आमच्याकडं रुपयाला नऊ रुपये मिळायचे. अंक दहा आणि पैसे नऊपट, म्हणजे दहातला एक रुपया कायमचा वरच्याच्या खिशात. हे गणित शाळेत नापास झालेल्या बाळूनं मला तोंडी समजावून सांगितलं होतं. पुढंही तो कधीच आकडा लावायचा नाही, लिहायचा. "लावणारा बुडतो, लिहिणारा तगतो." हे त्याला बाकड्यावरच्या माणसानं शिकवलं, चहा पाजत, पाठीवर हात ठेवून. घरात अण्णा त्याच्याशी दिवसाला चार वाक्यंही बोलत नसत. हा माणूस त्याच्याशी दोन दोन तास बोलायचा.

सदरलँड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं म्हटलंय की गुन्हा माणूस शिकतो, तोही जवळच्या माणसांकडनं. नुसती युक्ती शिकत नाही, 'यात काय वाईट आहे' हेही शिकतो. किती लहानपणी शिकला, किती वेळा, किती दिवस आणि शिकवणारा किती जिव्हाळ्याचा, यावर सगळं ठरतं. कुठलंही काम असंच शिकतात. लेथ मी असाच शिकलो.

आणखी एक गंमत. या धंद्याची सुरुवात कापसातनं झाली. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना किती, बंद होताना किती, हे टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचं आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. ते १९६१ मध्ये बंद झालं आणि पुढच्या वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. ओपन-क्लोज हे शब्द तेवढे कापसाच्या बाजारातले राहिले. आमचं घर सुतावर जगलं, बाळू सुताच्या सावलीवर.

तरी तो १९८६ पर्यंत बाकड्यावर नुसता बसणारा पोरगा होता, त्यापुढं काही नाही. कट्ट्यावरच्या सात-आठ पोरांतला एक.

जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं. पहिल्या आठवड्यात बेळगावात आणि आसपासच्या गावांत गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे, दर १ जूनला लोक जातात, मीही जातो. त्या दिवसांत एका दुपारी शहापूरकडच्या एका रस्त्यावर दगडफेक झाली. दगड मी मारला. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्याचं काही रहस्य व्हायला नको. मी वीस वर्षांचा होतो, आयटीआय झालेला, आणि मी दोन दगड मारले. बाळू मला शोधायला आला होता, आईनं पाठवलं होतं म्हणून. लाठ्या सुरू झाल्या तसे आम्ही दोघं एका बोळात पळालो. एका घराचं दार किलकिलं झालं. आतली बाई मला ओळखत होती, तिचा थोरला तालमीत माझ्या जोडीला होता. तिनं मला हाताला धरून आत ओढलं आणि कडी घातली. बाळू माझ्या मागं पाच-सहा पावलांवर होता. तो बाहेरच राहिला.

त्याला नऊ दिवस हिंडलग्याच्या जेलमध्ये ठेवलं. तो सतरा वर्षांचा होता. आज हे झालं असतं तर तो बालक ठरला असता, निरीक्षणगृहात गेला असता, कारण २००० च्या कायद्यानं मुलग्यांची मर्यादा अठरा केली. तेव्हा ती सोळा होती. अश्विनीनं हे कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. एक वर्ष माझ्या भावाच्या वयात जास्त होतं आणि दोन कायद्यात कमी.

बरॅकीत आंदोलनातली पोरं होती तशी इतर केसमधलीही माणसं होती. त्यांत बाजारपेठेत मटका चालवणारा एक मोठा माणूस. नऊ दिवस बाळूनं त्याच्या शेजारी अंथरूण टाकलं. सुटून आला तेव्हा गल्लीनं हार घातला, गुलाल उधळला, भाषण झालं. सहा महिन्यांनी हार घालणाऱ्यांपैकी एकाच्या कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकला, तर ते म्हणाले, "केस चालू आहे ना त्याच्यावर? संपू दे, मग बघू." केस सहा वर्षं चालली. निर्दोष सुटला. तोवर तो बरॅकीतल्या शेजाऱ्याकडं कामाला लागून पाच वर्षं झाली होती.

१९४७ साली न्यूयॉर्कमध्ये दोघा अभ्यासकांनी साध्यासुध्या १,६९८ लोकांना गुन्ह्यांची यादी देऊन विचारलं, यातलं तुम्ही काय काय केलंय? नाव सांगायचं नव्हतं. ९९ टक्क्यांनी किमान एकावर खूण केली. अश्विनीनं हा आकडा सांगितला तेव्हा मी स्वतःचा हिशेब केला. दगड दोन. गणेशोत्सवात मांडवाच्या रोषणाईसाठी खांबावरच्या तारेवर आकडा टाकायला शिडी धरली, ती किती वर्षं ते मोजत नाही. वीजचोरीचा आणि मटक्याचा, दोन्हीला आपण आकडाच म्हणतो. एक लावला तर पुण्य, एक लावला तर पाप.

आणि आम्ही तर सीमेवरची माणसं. इथं गुन्हा कुठं सुरू होतो ते मैलाचा दगड बघून ठरतं. कर्नाटकानं २००७ मध्ये लॉटरी बंद केली. महाराष्ट्राची सरकारी लॉटरी १९६९ पासून सुरूच आहे. वडगावात ज्या तिकिटाला गुन्हा म्हणतात ते महाराष्ट्रातल्या शिनोळीत, सायकलवर तासाभराच्या अंतरावर, सरकारच्या शिक्क्याचं. चोर्ला घाटाच्या पलीकडं, गोव्यात, जी बाटली दुकानाच्या फळीवर असते तीच अलीकडं आमच्या हद्दीत कणकुंबीपाशी पिशवीत सापडली तर पंचनामा. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापना दिवशी, आम्ही काळ्या फिती लावून फेरीत चालतो, त्याच दिवशी त्याच शहरात दुसरे लोक राज्योत्सव करतात. कोण वाटेवर आणि कोण ढळलेला हे कोण उभं राहून बघतोय यावर असतं. मटका मात्र तिन्ही राज्यांत गुन्हाच. बाळूच्या नशिबाला तेवढीही सीमा आली नाही.

मटक्याच्या दोन केस झाल्यावर त्याचं रावडीशीट उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ठाण्यात त्या माणसाच्या नावाची एक फाईल होते, फोटो, पत्ता, नातेवाईक, उठबस कुठं. मग गणेशोत्सव आला, निवडणूक आली, १ नोव्हेंबर आला, की बोलावणं. रांगेत उभं करायचं, चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घ्यायचा. बाळूनं १९९९ मध्ये मटका सोडला, अश्विनी झाली त्या वर्षी. शीट अजून आहे.

आपल्याकडं हे नवं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा कायदा केला, पुढं तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, कंजारभाट. एका जमातीचं तर नोंदीतलं नावच घंटीचोर. सोलापूरला, हुबळीला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, दिवसाची हजेरी, गाव सोडायचं तर पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, ते विमुक्त झाले. अश्विनी फील्डवर्कला अशाच एका वस्तीत जाते. तिथल्या एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "तुझ्या बापाला किती वेळा बोलवतात?" तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मग तू आमचीच." हे तिनं मला अगदी सहज सांगितलं. माझ्या घशात चहा अडकला.

पण ठाण्याचीच फाईल तेवढी, असं म्हणणं खोटं होईल. एक आमच्या घरातही होती. केस चालू असताना एका दिवाळीत आईच्या डब्यातले दोनशे रुपये गेले. कुणी काही बोललं नाही. माग सुरूच होता. पण अण्णांनी बाळूची खुंटीवरची पँट काढून खिसे उलटे केले, त्याच्यासमोर, आणि मी बघत उभा राहिलो. संक्रांतीला फडताळ सारवताना पैसे मागं पडलेले सापडले. आईनं ते उचलून डब्यात टाकले. त्या रात्री बाळू जेवायला आला नाही, आणि तो का आला नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. एडविन लेमर्ट म्हणून एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होऊन गेला, त्यानं म्हटलंय की पहिली चूक कुणाकडनंही होते, पण लोकांनी नाव ठेवल्यावर माणूस त्या नावाप्रमाणं वागायला लागतो, ते खरं विचलन. मला त्या पँटचे उलटे खिसे आठवले.

अश्विनीनं एक प्रश्न विचारला, तो रास्त होता. कट्ट्यावर पप्पांबरोबर बसणारे बाकीचे कुठं आहेत? एक मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार होऊन निवृत्त झाला. एक टेम्पो चालवतो, एकाचं पेठेत साड्यांचं दुकान आहे. एक दारूनं गेला. तेच बाकडं, तीच पानपट्टी. तेव्हा परिस्थितीनं सगळ्यांना ढकललं असं मी म्हणणार नाही, बाळूही म्हणत नाही. "मला पैसे आवडायचे," एवढंच तो सांगतो. पण सैन्यात गेलेल्यानं मला परवा एक गोष्ट सांगितली. १९८६ च्या त्या दुपारी तो ताप येऊन घरी झोपला होता. "नाहीतर पोलीस व्हेरिफिकेशनलाच उडालो असतो की."

गेल्या आठवड्यात गणपतीच्या तोंडावर हवालदार आला. चहाच्या गाडीपाशी गाडी थांबवून, खाली न उतरता म्हणाला, "साहेबर करदार, नाळे बा." म्हणजे साहेबांनी बोलावलंय, उद्या ये. बाळू म्हणाला, "येतो की. चहा घेऊन जावा." हवालदारानं चहा घेतला, पैसेही दिले. तो पंचविशीतला असेल. शीट उघडलं तेव्हा तो जन्मलाही नसेल.

दुसऱ्या दिवशी अश्विनी बापाबरोबर गेली. बाहेरच्या बाकावर दीड तास बसली. संध्याकाळी फॉर्म घेऊन माझ्याकडं आली, सगळा भरला होता, समासातही लिहिलं होतं. एक चौकोन रिकामा. पहिला गुन्हा, वर्ष.

"काय लिहू काका? शहाऐंशी लिहू तर ते निर्दोष सुटलेत."

मी म्हटलं, ब्याऐंशी लिही.

"ब्याऐंशीला काय झालं?"

"तालमीची भिंत पडली."

"हे गुन्ह्याच्या चौकोनात कसं लिहू?"

मी गप्प बसलो. तिनं थोडा वेळ पेन चावलं, मग पर्समधनं पेन्सिल काढली आणि बारीक अक्षरात १९८२ लिहिलं. मॅडम खोडायला सांगतील म्हणाली. खोडून तिथं काय घालायचं, ते मात्र तिलाही सुचत नव्हतं.